मुठीतली काडी

दसरा उलटला की माझा डावा खांदा दुखायला लागतो. पाऊस गेलेला असतो, सकाळी गवतावर दव पडायला लागलेलं असतं, भाताच्या कापण्या निघालेल्या असतात, आणि कोल्हापूरच्या आजूबाजूला गोठ्यागोठ्यात कुणीतरी म्हशीच्या कासेकडं बघत दिवस मोजत असतं. म्हशींचा व्यायचा हंगाम. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि या दिवसांत माझा डावा हात खांद्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या म्हशीच्या पोटात असतो. उजव्या हातानं मी लिहिते, जेवते, भाजी निवडते. पण माझं खरं शिक्षण त्या डाव्या हातात आहे. घरचे म्हणतात, एवढी वर्षं झाली, आता तुला सवय झाली असेल. सवय झाली आहे, आणि मला भीती वाटते ती त्या सवयीचीच.

लोकांसाठी हा हंगाम म्हणजे खरवस. दर दोन दिवसांनी कुणीतरी स्टीलचा डबा आणून देतं, वर जायफळ किसलेलं असतं, डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून मी त्यात मूठभर साखर घालून देते. हे सगळं छान असतं. पण फोन वाजला आणि पलीकडून ‘म्याडम, म्हस आडलीया’ असं आलं, की तोंडातला खरवस गिळवत नाही. बावीस वर्षांत एकदाही ते वाक्य मी शांतपणे ऐकलेलं नाही.

अडलेल्या म्हशीत मला सगळ्यात जास्त धास्ती पिळाची. म्हशीच्या गर्भाच्या पिशवीला कधीकधी पीळ पडतो, पिशवीचं तोंड आवळतं आणि रेडकू आत कोंडतं. कापाकापी न करता ते सोडवायचा एक जुना उपाय आहे. म्हैस पाडायची, तिच्या कुशीवर लाकडी फळी ठेवून फळीवर माणूस उभा करायचा आणि पाय बांधून तिला झटक्यात लोळवायची. फळीखाली पिशवी जागच्या जागी थांबते, म्हैस फिरते, पीळ सुटतो. यात एकच गोष्ट चुकवून चालत नाही. पीळ उजवा असेल तर म्हैस उजवीकडंच लोळवायची, डावा असेल तर डावीकडं. बाजू चुकली तर आहे तो पीळ आणखी आवळतो. आणि उजवा की डावा, हे आत घातलेल्या हातानं सांगायचं असतं.

यंदा दसऱ्याला नेहमीप्रमाणे सोनं द्यायला आण्णांकडं गेले. दत्तूआण्णा माझ्या पहिल्या दवाखान्यातले पट्टीबंधक, जनावरांच्या मलमपट्टीचे मदतनीस. म्हणजे कागदावर माझ्या हाताखालचे, आणि प्रत्यक्षात माझे गुरू, जरी हा शब्द त्यांच्यासमोर वापरायची माझी अजून हिंमत नाही. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. हात थरथरतो, पण नजर तशीच, गोठ्याच्या दारातून म्हशीकडं बघावं तशी माणसाकडं बघायची. आपट्याचं पान त्यांनी खिशात ठेवलं आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला.

“यंदा काडी किती येळा चुकली?”

“एकदाही नाही,” मी म्हणाले. खरं तर थोडी मिरवतच म्हणाले. माझ्याकडं यंदा स्नेहल नावाची मुलगी शिकायला आली आहे, कॉलेजचं शेवटचं वर्ष. यंदा पिळाच्या चार म्हशी झाल्या आणि चारही वेळा तिचं आणि माझं एकच निघालं, हेही सांगितलं.

आण्णांनी चष्मा काढला. “एकदाबी न्हाय? मग वाईट हाय की ओ.”

“वाईट काय त्यात?”

“पोरगी तुमच्याम्होरं बोलंना झालीया.”

मी हसून विषय बदलला. चहा घेतला. पण परतताना शाहूपुरीतल्या माझ्या घरापर्यंत ते वाक्य गाडीत माझ्याशेजारी बसून आलं.

काडी म्हणजे काय, हे सांगायचं तर मला माझ्या पहिल्या हंगामाकडं जावं लागेल, आणि तिकडं जायला मला आवडत नाही.

गडमुडशिंगीच्या पलीकडं एका गावात माझी पहिली नेमणूक झाली. शाहूपुरीत दुकानांच्या वरच्या मजल्यावर वाढलेली मुलगी, म्हैस पहिल्यांदा जवळून पाहिली ती कॉलेजात. परीक्षेत मात्र मी पहिली. पिळाचे प्रकार, अंश, उपाय, सगळं तोंडपाठ. आण्णा सातवी शिकलेले. पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं की आम्ही दोघं एकाच गोठ्यात उभे राहून दोन वेगळ्या गोष्टी बघतो. मी ताप बघायची, नाडी मोजायची, डोळ्यांचा रंग बघायची, एकेक करून वहीत लिहायची. आण्णा दारात उभे राहायचे, विडीचं थोटूक कानावर अडकवायचे आणि म्हणायचे, “पीळ हाय.” माझी यादी निम्मीही झालेली नसायची.

“कशावरून म्हणता?”

“कळतंय की.”

“पण कसं कळतं?”

“आता कसं सांगू? म्हस उभी कशी हाय बगा.”

मी बघायची. मला म्हैस चार पायांवर उभी दिसायची. तिनं शेपूट जरा एका अंगाला धरलंय, मागचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वेळा उचलतेय, कळ येते पण ती जोर लावत नाही, हे सगळं नंतर दिसायला लागलं. तेव्हा नुसतीच म्हैस दिसायची, काळी आणि प्रचंड. मला राग यायचा. हा माणूस मुद्दाम सांगत नाही असं वाटायचं. आज जाणवतं की त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. ते जे बघत होते ते त्यांच्यासाठी एकाच नजरेत यायचं. त्याचे तुकडे करून माझ्या हातात देणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग मी एक वही केली. दर वेळी हाताला आत काय काय लागलं ते लिहायची. आण्णा हसायचे. “लिवू नगा ओ, हात घाला.” पण मी दोन्ही केलं.

कमलमावशींची म्हैस त्या हंगामातली. मावशींचं घर गावाच्या कडेला बुद्धविहाराजवळ. पडवीत बुद्धाची तसबीर, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण, आणि घरात एकच म्हैस, राणी. जन्मल्या दिवसापासून मावशींनी तिला हातानं दूध पाजून वाढवलेली. राणीचं पहिलंच वेत होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. ऊन कडक होतं आणि मावशी राणीच्या तोंडाजवळ उभ्या राहून तिच्याशी सारखं बोलत होत्या.

आण्णांनी दारातूनच बघितलं. “पीळ हाय. उजवा.” मग रीत म्हणून त्यांनी हात घातला, काढला. “उजवाच. जास्त न्हाय, सुटंल.” आणि पाय बांधायचा दोरखंड उलगडायला लागले.

डॉक्टर मी होते, म्हणून मीही हात घातला. पिशवीला दोन्ही बाजूंनी पोटाशी धरून ठेवणारे जाड पट्टे असतात, आण्णा त्यांना दोर म्हणायचे. माझी बोटं त्या दोरांवरून गेली. वर आडवा ताणलेला दोर मला उजवीकडून येतोय असं वाटलं. म्हणजे पीळ डावा. मी पुन्हा चाचपलं. पुन्हा तसंच. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला. मी मागं वळून आण्णांकडं बघितलं. ते अगदी निवांत होते, फळी कुशीच्या मापाची आहे का बघत होते. बहुतेक पीळ उजवेच असतात, हे मलाही पाठ होतं. तीस वर्षं या हातानं म्हशी सोडवलेला माणूस, आणि मी चार महिन्यांची डॉक्टर. दोर चाचपताना माझं चुकलं असेल, पुस्तकातली आकृती मी डोक्यात उलटी धरली असेल, असं मीच मला सांगितलं.

“काय म्हणताय म्याडम?” आण्णांनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणाले.

एवढंच. राणीला उजव्या कुशीवर पाडलं. फळी ठेवली, गल्लीतला एक गडी फळीवर चढला, मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाकीच्यांनी पाय ओढून तिला लोळवली. आण्णांनी हात घातला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. “आवळलाय,” ते म्हणाले. “आनि एकदा.” दुसऱ्यांदा लोळवली. राणी विव्हळत नव्हती, नुसते मोठे श्वास घेत होती. तिसऱ्यांदा त्यांनी बाजू बदलली, पण तोवर आतलं सगळं सुजून घट्ट झालेलं होतं. ऑपरेशनसाठी तिला शहरात न्यायला टेंपो बोलावला. टेंपो अंगणात आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि राणी उठली नाही.

मावशी ओरडतील, शिव्या देतील, मला ते हवंच होतं. त्यांनी राणीच्या कपाळावरून हात फिरवला, पदरानं तिच्या तोंडाचा फेस पुसला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “म्याडम, सकाळधरनं उभ्या हायसा. च्या तरी घ्या.” मी तो चहा घेतला. मला आजही तो गिळल्याचं आठवतं, आणि लाज वाटते.

कागदावर जबाबदारी माझी होती. आण्णांना ते माहीत होतं, आणि ते गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दवाखाना झाडला, आणि मग जे कधी करत नसत ते केलं. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले.

“काल तुमच्या हाताला काय लागलतं?”

“काही नाही.”

“खोटं बोलू नगा. हात आत असताना तुमी माझ्याकडं बगितलं. ज्याला काय लागलं न्हाई, तो मागं वळून बगत न्हाई.”

मी खाली बघून सांगितलं, “डावा वाटला होता.”

बाहेर कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं.

“मग बोलला का न्हाई?”

“तुम्ही उजवा म्हणालात.”

“मी दारातनंच म्हणलो की ओ,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. “दारातनं ठरवलं. मग माझा हात नुस्ता आत जाऊन भाईर आला. त्यानं बगितलंच न्हाई. तुमचा बगत हुता.”

तेव्हा मी रडले. राणीसाठी, मावशींसाठी, आणि हा माणूस माझ्यासमोर असं बोलतोय म्हणून. त्या क्षणी माझ्याकडं असं काहीतरी होतं जे त्यांच्याकडं उरलं नव्हतं: मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी इंच न् इंच चाचपत गेले होते. आणि त्यांच्याकडं जे होतं ते माझ्याकडं नव्हतं, आपल्याला जे लागलं ते मोठ्यानं बोलायची छाती.

काडी त्या सकाळी निघाली. आण्णांनीच रीत ठरवली. आधी त्यांनी हात घालायचा. उजवा वाटला तर कडब्याची काडी उजव्या मुठीत, डावा वाटला तर डाव्या मुठीत, आणि दोन्ही हात पाठीमागं. मग मी हात घालायचा आणि बोलायचं. माझं बोलून झाल्यावर त्यांनी मूठ उघडायची. दोघांचं जुळलं तर म्हैस पाडायची. नाही जुळलं तर कुणाचं वय, कुणाचा हुद्दा काही न बघता दोघांनी पुन्हा पहिल्यापासून हात घालायचा. लोक हसायचे. ‘दवाखान्याची दोघं म्हशीमागं उभं ऱ्हाऊन काय खेळत्यात’ म्हणायचे. त्या हंगामात काडी सात वेळा चुकली. सहा वेळा मी चुकले होते, एकदा आण्णा. पण प्रत्येक वेळी चुकल्यावर आण्णा विचारायचे, “काय लागलतं ते सांगा.” रागानं विचारत नसत. त्यांना खरंच ऐकायचं असायचं.

आणि आता मुठीत काडी घेऊन, हात पाठीमागं धरून स्नेहलसमोर मी उभी असते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पाचवी म्हैस आली. मी हात घातला. स्पष्ट उजवा. म्हणजे काडी उजव्या मुठीत. आण्णांचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून मी एक केलं जे करायला नको होतं. हात धुताना मुद्दाम म्हशीच्या डाव्या अंगाला सरकले आणि तिकडच्या जमिनीकडं बघितलं, जणू म्हैस पाडायला जागा पुरेल का बघतेय. स्नेहलनं हात घातला. पाच सेकंद झाले असतील.

“डावा, मॅडम.” आवाज एकदम ठाम.

मी मूठ उघडली. तिनं काडीकडं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. म्हैस आम्ही उजवीकडं लोळवली, रेडकू जिवंत निघालं, मालकानं पेढे आणायला माणूस पिटाळला. गाडीत बसल्यावर स्नेहल बोलली.

“मला काहीच लागत नाही हाताला, मॅडम. आत सगळं एकसारखंच लागतं. तुम्ही हात धुताना ज्या बाजूला सरकता, तीच बाजू असते. पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं.”

म्हणजे चारही वेळा ही मुलगी म्हशीला तपासत नव्हती. मला तपासत होती. हुशार होती, म्हणूनच तिला हे जमलं. शिकवणाऱ्याचा चेहरा वाचणं हे म्हशीचं पोट वाचण्यापेक्षा फार सोपं असतं, आणि शाळेपासून आपण मुलांना तेच तर शिकवलेलं असतं. मला तिचा राग आला, पण तो टिकला नाही. तिनं जर त्या पहिल्या चारांपैकी एकदा जरी मी नसताना निर्णय घेतला असता तर? हा विचार येताच मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

“मला सांगा ना, तुम्हाला काय लागतं?” तिनं विचारलं.

आणि मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं, कळतं की.”

स्वतःचा आवाज ऐकून मी दचकले. हे आण्णांचं वाक्य होतं. ज्या वाक्याचा मला पहिल्या हंगामात इतका संताप यायचा तेच मी जसंच्या तसं एका मुलीला देत होते. मी आठवायचा प्रयत्न केला. माझ्या बोटांना आधी काय लागतं? मग काय? मला खरंच सांगता येईना. माझा हात आत जातो आणि उत्तर घेऊन बाहेर येतो; मधलं काही मला आता दिसतच नाही.

घरी येऊन माळ्यावरची पेटी काढली. वही होती. पानं पिवळी, एका कोपऱ्यावर शेणाचा डाग. माझं तेव्हाचं गिचमिड अक्षर. ‘मनगटापर्यंत काही समजत नाही. कोपरापर्यंत गेल्यावर एक घट्ट पट्टा आडवा लागतो, ताणलेल्या दोरीएवढा. तो कुठून येतोय ते बोटांनी मागं मागं जाऊन बघायचं. डावीकडून वर चढून उजवीकडं गेला, तर उजवा पीळ. दुसरा पट्टा खाली दडलेला असतो, तो शोधल्याशिवाय बोलायचं नाही. घाई झाली की आधी वाटलेलंच लागतं.’ शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलेलं होतं. पान भरून असं लिहिलेलं. त्या घाबरट मुलीला जे सांगता येत होतं ते मला आज येत नव्हतं.

पुढचे आठ दिवस दुपारच्या वेळी दवाखान्यात आमचा वेगळाच उद्योग चालला. तागाच्या पोत्यात एक लाल भोपळा घातला, दोन बाजूंना जुन्या ओढणीच्या दोन पट्ट्या शिवल्या, पोतं टेबलावर टांगलं आणि मी कधी उजवा तर कधी डावा पीळ द्यायची. स्नेहलनं डोळे मिटून हात घालायचा. मी वहीतलं वाचून दाखवायची. पहिले दोन दिवस ती निम्म्या वेळा चुकली. मग कमी चुकायला लागली. सहाव्या दिवशी तिनं डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, “मॅडम, तुम्ही आज पीळच दिला नाही.” खरंच दिला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं ते मला कुठल्याही खरवसापेक्षा गोड वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, कारण भोपळ्याला जीव नसतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सर्जेरावांचा फोन आला. सकाळी दहाची वेळ. सर्जेराव बडे दूधवाले, दावणीला बारा म्हशी, आवाज मोठा. अडलेली होती ती त्यांची सगळ्यात जुनी म्हैस, चौथं वेत. मी दारातून बघितलं: शेपूट, मागचा पाय, न लावलेला जोर. पीळ. आणि माझ्या डोक्यात, हात घालायच्या आधी, शब्द आला: उजवा. मी हात घातला. आडवा पट्टा लागला, घट्ट. उजवा. हात काढला, काडी उजव्या मुठीत घेतली आणि या वेळी कुठल्याच बाजूला न सरकता सरळ मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

“मॅडम?” स्नेहलचा आवाज.

“म्हशीकडं बघ.”

मग काही ऐकू येईना. साबणाच्या पाण्याचा आवाज, म्हशीचा श्वास, शेजारच्या म्हशीच्या गळ्यातली साखळी. भिंतीवर गेरूनं काढलेली स्वस्तिकं होती, ती मी मोजत बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. म्हशीला कळ आली आणि ती हंबरली. आत दबलेल्या रेडकाला प्रत्येक मिनिट महाग असतं, ते मला माहीत होतं, सर्जेरावांनाही माहीत होतं.

“म्याडम, ही पोरगी शिकाय लागलीय का माझी म्हस मारायला?” ते गरजले. “तुमास्नी कळलंय न्हवं? मग सांगा की!”

“थांबा,” मी भिंतीलाच म्हणाले. माझी मूठ घामानं ओली झाली होती. मला वळावंसं वाटत होतं. तिला नुसतं एकदा मान हलवून सांगितलं असतं तर सगळं संपलं असतं.

“ओ पोरी, उजवा का डावा? बोल की पटकन!”

“थांबा,” हे स्नेहल म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज सर्जेरावांच्या वर गेला. “मला दुसरा पट्टा मिळू दे.”

आणखी थोडा वेळ. मग ती बोलली.

“डावा.”

मी वळले. मूठ उघडली. उजवी. काडी बघितल्यावर तिचे ओठ हलले आणि मला कळलं आता काय येणार. बावीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडून आलेलं वाक्य.

“मग तुम्ही म्हणाल—”

“काय लागलं ते सांग,” मी मध्येच म्हणाले.

“वरचा पट्टा उजवीकडून येतोय. मागं मागं जाऊन बघितला. खालचा डावीकडं दडलाय, खूप खोल आहे, तो आधी मिळत नव्हता.”

मी खालचा पट्टा शोधला नव्हता. तिनं म्हणेपर्यंत मला आठवलंही नव्हतं की मी तो शोधला नाही. मी नवीन हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि हात घातला. त्या पहिल्या वहीतल्या मुलीसारखा, इंच न् इंच, काही ठाऊक नसल्यासारखा. आडवा पट्टा. मागं मागं. उजवीकडून. पुन्हा मागं. उजवीकडूनच. आणि खाली, खोल, डावीकडं दुसरा.

दारात आलेल्या त्या एका शब्दावर विसंबून मी ही म्हैस उजवीकडं पाडणार होते.

“डावा आहे,” मी म्हणाले. “सर्जेराव, डाव्या कुशीवर पाडा.”

पहिल्याच लोळवण्यात पीळ सुटला. आतलं कोंडलेलं पाणी भळभळा बाहेर आलं, स्नेहलचा हात सरळ आत गेला आणि तिनं रेडकाचे पुढचे दोन पाय पकडले. पारडी होती. कान फडफडवत ती गवतावर पडली आणि म्हशीनं उठून तिला चाटायला सुरुवात केली. सर्जेराव डोळे पुसत स्नेहलसमोर उभे राहिले. “पोरी, माझं चुकलं बरं का. तोंड लई सुटतंय माझं.” स्नेहल भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

दिवाळीत सर्जेरावांनी खरवसाचे दोन डबे पाठवले. एक स्नेहलनं घरी नेला. दुसरा घेऊन मी आण्णांकडं गेले. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, एक वडी तोंडात टाकली आणि माझ्याकडं बघत राहिले. या वेळी त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

“आण्णा, काडी चुकली. माझी.”

आण्णांची वडी खाऊन झाली. बोटं त्यांनी धोतराला पुसली.

“पोरगी बोलली?”

“बोलली.”

त्यांनी डोळे मिटले. थरथरणारा हात माझ्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला.

“मग राणी सुटली बगा,” ते म्हणाले.